पुलापलीकडची हॉटेलं

आमच्या लहानपणी जालन्यात बार नव्हते, हॉटेलं होती. निदान आमच्या घरात तरी तो दुसरा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. अण्णा संध्याकाळी हॉटेलात जायचे आणि मी त्यांच्याबरोबर जायचे. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिची ड्यूटी बहुतेक वेळा दुपारची, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला घरी येणारी. आठ वर्षांच्या मुलीला घरात एकटं कसं ठेवायचं? शेजारी सोडावं तर शेजारीण विचारणार, रोज संध्याकाळी हे जातात कुठं. त्यापेक्षा पोरीला बरोबर नेणं सोपं. म्हणून मला या गावातल्या बागा फारशा माहीत नाहीत. पण कुठल्या हॉटेलात मसाला पापडावर कांदा जास्त असायचा, कुठं काकडीवरचं तिखट डोळ्यांत पाणी आणायचं आणि कुठल्या खुर्चीचं रेक्झिन फाटून मांडीला टोचायचं, हे मला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

मागच्या महिन्यात मी जालन्यात होते. आई जाऊन दीड महिना झाला होता. तेरावं उरकून मी नाशिकला परत गेले होते, पण जुन्या जालन्यातल्या आमच्या मस्तगडहून शेजारच्या काकूंचा फोन आला की अण्णा जेवत नाहीत, दिलेला डबा तसाच परत येतो. मी पुन्हा रजा टाकली. येऊन पाहते तर अण्णांच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. शुगर नाही, बीपी ठीक, पोटात काही नाही. म्हणाले, यांना कसलाही आजार नाही, फक्त जेवायला लावा, नाहीतर आठवड्याभरात भरती करून सलाईन लावावं लागेल, आणि या वयात एकदा माणूस आडवा झाला की उठवणं अवघड असतं. जेवायला लावा म्हणायला काय जातं? मी वरण-भात करून पाहिला, बाजरीची खिचडी करून पाहिली, बाहेरून आणून पाहिलं. अण्णा ताटाकडे बघत बसायचे, घास चिवडायचे, "भूक न्हाई" म्हणायचे आणि हात धुवायला उठायचे. दिवसभरात तेवढंच बोलणं. माझी रजा रविवारी संपत होती. नवरा रोज फोनवर विचारायचा, काय ठरलं. मी म्हणायचे, बघते.

मला स्वतःला रडू आलेलं नव्हतं. मी मृत्यूचा दाखला आणला, आईच्या पेन्शनचा अर्ज दिला, तिच्या साड्या कपाटातून काढल्या आणि परत कपाटात ठेवल्या. दाढ काढून आल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तशी मी घरभर वावरत होते. हात लावला की कळायचं, इथं काहीतरी आहे. दुखत मात्र नव्हतं.

अशात एका दुपारी अण्णांचं टॉनिक आणायला मी पूल ओलांडून नवीन जालन्यात गेले. औषधाच्या दुकानासमोर रस्ता ओलांडायला उभी राहिले आणि समोर पाहिलं तर तिथं माशांचं हॉटेल नव्हतं. तिथं मोबाइलचं दुकान होतं. काचेला फोनची रंगीबेरंगी कव्हरं लटकवलेली, आत पांढराशुभ्र उजेड. मी तिथंच उभी राहिले. मागच्या रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला तेव्हा बाजूला झाले.

माशांचं हॉटेल हे नाव माझं. पाटीवर वेगळं काहीतरी होतं, त्याखाली लहान अक्षरांत "परमिट रूम". मी वाचायला शिकले होते, पण परमिट म्हणजे काय ते विचारायचं नसतं हे न सांगताच कळलं होतं. आत शिरलं की उजव्या हाताला काचेची पेटी. तिच्यात हिरवट दिवा, बुडबुडे, आणि नारिंगी मासे. मला वाटायचं त्या पेटीतही तोच वास असेल जो बाहेर होता. सिगारेटचा, तळलेल्या पापडाचा, आणि अण्णांच्या ग्लासातून यायचा तो, गुळाच्या कढईजवळ उभं राहिल्यासारखा गोड आणि उग्र.

आमच्या मस्तगडच्या माणसांची एक रीत होती. ती कुठं लिहिलेली नव्हती, पण पाळायचे सगळे. प्यायचं असेल तर कुंडलिका नदी ओलांडून, पुलापलीकडे जाऊन प्यायचं. आपल्या गल्लीतल्या गुत्त्यावर फक्त ज्यांची लाज गेली ते बसणार. आणि गंमत म्हणजे नवीन जालन्यातली मंडळी, मोंढ्यातले आडते, स्टेशनकडचे नोकरदार, ती याच वेळेला उलट्या बाजूनं आमच्याकडे प्यायला यायची. संध्याकाळी सातच्या सुमारास पुलावर दोन्हीकडून माणसं चालत असत. अण्णांच्याच कंपनीतला अकाउंटंट समोरून येताना मी कितीदा पाहिला. दिवसभर शेजारी बसून चहा पिणारे हे दोघे पुलावर एकमेकांकडे पाहतही नसत. अण्णा नदीकडे बघायचे, तो आभाळाकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा. मला ही एखादी शिस्त वाटायची, शाळेत रांगेत बोलायचं नाही तशी.

अण्णा बियाण्यांच्या कंपनीत गोदाम सांभाळायचे. बियाण्याला लावलेलं औषध त्यांच्या बोटांच्या रेषांत गुलाबी होऊन बसलेलं असायचं. हॉटेलात गेल्यावर पहिलं काम हात धुणं. साबणानं, मग राखेनं, मग परत साबणानं. माझेही हात धुवून घ्यायचे. आणि मग आम्ही फॅमिली रूममध्ये जाऊन बसायचो.

फॅमिली रूम ही खरं तर एक खोली आणि तिला पडदा. त्या काळात कुठलीही फॅमिली तिथं येत नसे. येत ते लपायला आलेले लोक. एक हायस्कूलचे सर होते, ते पडद्याआड भिंतीकडे तोंड करून बसायचे. एक तहसीलमधले साहेब होते, ते वेटरला हाकसुद्धा मारायचे नाहीत, नुसता चमचा वाजवायचे. त्या सगळ्या फॅमिली रूममध्ये फॅमिली म्हणता येईल अशी मी एकटीच होते. सर मला पाहून दचकायचे. एकदा त्यांनी मला अगदी हळू आवाजात नऊचा पाढा विचारला आणि मी म्हटल्यावर माझ्यासाठी शेंगदाण्याची बशी मागवली.

अशी तीन हॉटेलं आमची ठरलेली. महिन्याच्या सुरुवातीला, पगार खिशात असताना, माशांचं. तिथं लिंबू सोडा साडेतीन रुपयांना, पण ग्लास काचेचा आणि त्याच्या काठावर मीठ लावलेलं. चणे उकडून, वर कांदा-टोमॅटो घालून यायचे, फुकट, आणि संपले की न मागता परत यायचे. वेटरच्या अंगात पांढरा कोट. पंखा होता, आणि नंतर एके उन्हाळ्यात एसी बसला तेव्हा सगळं हॉटेल महिनाभर ते एक यंत्र वर मान करून बघत होतं. अण्णांची क्वार्टर तिथं कितीला मिळायची ते मला कळलं नाही. बिल आलं की ते उलटं करून ठेवायचे आणि मला बडीशेप घे म्हणायचे.

महिना मध्यावर आला की वाळ्याचं. तिथं खिडकीत मोठा कूलर आणि त्याच्या जाळीत वाळा भरलेला. एक माणूस दर अर्ध्या तासाला बादलीनं त्यावर पाणी मारायचा आणि ओल्या मातीसारखा वास सगळीकडे सुटायचा. तिथला सोडा गोटीच्या बाटलीतला, दोन रुपये. चण्यांऐवजी खारे शेंगदाणे, तेही मोजके. पण गिऱ्हाईक मोठ्यानं हसायचं आणि मोसंबीच्या दिवसांत प्रत्येक टेबलावर चिरलेली मोसंबी ठेवलेली असायची, मीठ लावून. बागांतून उतरलेला माल विकून आलेले शेतकरी तिथं बसायचे. ते रममध्ये मोसंबी पिळायचे आणि अण्णांनाही आग्रह करायचे. अण्णा म्हणायचे, चांगल्या मोसंबीचं वाटोळं करता कशाला.

आणि शेवटचा आठवडा जिन्याचं. खाली किराणा दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर हॉटेल. तिथं लिंबू सोडा नव्हताच, लिंबू सरबत मिळायचं, सव्वा रुपयाला, कपातून. टेबलावर पत्रा ठोकलेला. चकणा म्हणून मुरमुरे आणि कच्चा कांदा. मात्र त्या हॉटेलात खरं जेवण मिळायचं. मालकाची आई मागच्या अंगणात चुलीवर भाकऱ्या थापायची आणि त्यांचा वास जिन्यावरूनच यायला लागायचा. अण्णांना सगळ्यात आवडायचं तेच, पण ते तसं कबूल करत नसत. माझ्या मते माशांचं हॉटेल पहिलं, वाळ्याचं दुसरं आणि जिन्याचं नापास. येता येता पुलावर आमचा यावर वाद व्हायचा.

पहिला घोट घ्यायच्या आधी अण्णा ग्लासात बोट बुडवून दोन-तीन थेंब जमिनीवर शिंपडायचे. आजूबाजूचे सगळेच शिंपडायचे. मीही माझ्या सोड्याचे शिंपडायचे. हे कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. अण्णा म्हणाले, जे आपल्यासोबत बसाया आले न्हाईत त्यांच्यासाठी. मला ते पटलं. सरांची बायको, साहेबांची मुलं, पुष्कळच लोक आलेले नसायचे.

घरी जाण्याआधी मोसंबी. हातगाडीवरून एक घ्यायची, पुलाच्या कठड्याला टेकून सोलायची, गर मला आणि साल अण्णांना. ते साल दाबून हातांवर, मिशीवर, शर्टाच्या पुढ्यावर चोळायचे. त्याचा बारीक फवारा डोळ्यांत गेला की चुरचुरायचं. मोसंबी नसेल तेव्हा बडीशेप, लवंग, कधी लिंबाचा पाला. कितीतरी वर्षं मला वाटायचं की वडील नावाच्या माणसाला रात्री मोसंबीचाच वास येतो.

आई यायची ती पाय ओढत. पांढरी साडी बदलून, कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायची. मी तिच्यासमोर उकिडवी बसून हॉटेलची हकीकत सांगायचे. ग्लासातलं सोडून सगळी. मासे किती आहेत, त्यातला एक आजारी कसा वाटतो, पडद्यावर कसली फुलं आहेत, एसीतून कशी गार हवा येते, चणे परत कसे येतात. अण्णांनी मला कधी काही लपव म्हणून सांगितलं नाही. आईनं कधी काही उकरून विचारलं नाही. ती फक्त म्हणायची, गार लागतं का गं खूप? आणि मी म्हणायचे, खूप. मग ती डोळे मिटून पाण्यात बोटं हलवायची.

अण्णांची दारू सुटून आता पुष्कळ वर्षं झाली. मी कॉलेजला बाहेरगावी गेले आणि दिवाळीला आले तेव्हा सुटलेली होती. का, कशी, ते मी विचारलं नाही. आमच्या घरात असलं कुणी विचारत नसे.

तर त्या दुपारी टॉनिक घेऊन घरी आले. अण्णा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, माशांच्या हॉटेलात आता मोबाइलचं दुकान झालंय. मला उत्तराची अपेक्षा नव्हती. अण्णांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

"आन् वाळ्याचं?" ते म्हणाले. "ते हाय का?"

दीड महिन्यात त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला माहीत नव्हतं, तरी मी म्हटलं, आहे. मग म्हटलं, जायचं का बघायला? तिथंच काहीतरी खाऊन येऊ. अण्णा थोड्या वेळानं उठले आणि खुंटीवरची पँट काढली. एखादं पाखरू हातावर बसल्यावर जसं आपण हलत नाही तशी मी उभी राहिले. म्हटलं, आज हा माणूस कुठंही जेवो, गटाराच्या काठावर बसून जेवला तरी मला चालेल.

संध्याकाळी रिक्षा केली. पुलावर आता माणसं चालत नाहीत, गाड्याच गाड्या. कोण कुठल्या बाजूला प्यायला चाललंय कळायला मार्ग नाही. आणि लाज वाटायचं कारणही उरलेलं दिसत नाही.

वाळ्याचं होतं. म्हणजे जागा होती. दाराशी काळ्या शर्टातला दणकट माणूस, आत जांभळा उजेड, भिंतीएवढा टीव्ही आणि छातीत धडधडणारं गाणं. बसायला खोल सोफे, त्यात अण्णा एवढेसे दिसायला लागले. मेन्यू चामडी वहीसारखा. आमचा दोन रुपयांचा सोडा त्यात इंग्रजी नाव घेऊन बसला होता, एकशे चाळीस रुपये आणि वर टॅक्स. क्वार्टर नावाची गोष्टच नव्हती. सगळं तीस आणि साठ मिलीच्या मापात, आणि एका साठच्या पैशात त्या काळी आमचा महिना निघाला असता. शेंगदाणे आले, त्यांचेही पैसे. कॉलेजच्या वयाच्या मुली आणि मुलं मोकळेपणानं बसली होती, कुणी भिंतीकडे तोंड करून नव्हतं. त्या मुलींचं मला बरं वाटलं. पण अण्णांना वेटर वाकून काय हवं विचारत होता आणि गाण्यामुळे त्यांना ऐकू येत नव्हतं. तीनदा विचारून झाल्यावर अण्णांनी सोफ्याच्या हातावर जोर दिला आणि उठले. बाहेर येऊन म्हणाले, हितं घास गिळलेलाबी कळायचा न्हाई.

मी घड्याळ पाहिलं. आठ वाजत होते. घरी गेलो की ते आडवे होणार, सकाळी तोच चहा, तोच चिवडलेला घास, आणि परवा रविवार. मी रिक्षावाल्याला म्हटलं, मोंढ्याकडे घे.

जिन्याचं हॉटेल तिथंच होतं. खालचं किराणा दुकान गेलं होतं, तिथं खतांची एजन्सी. जिना तोच, फक्त आता त्याला स्टीलचा कठडा होता. काउंटरवरच्या माणसानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे, आणि न विचारताच म्हणाला, "फॅमिली? डावीकडं, ताई." पडद्याच्या जागी प्लायवूडच्या केबिनी झाल्या होत्या, अर्ध्या दाराच्या. टेबलावर सनमायका. भिंतीवर जुनाट एसी घरघरत होता. बाहेरच्या हॉलमध्ये गोदामांतले, रोलिंग मिलवरचे लोक बसले होते, त्यांच्या टेबलांवर क्वार्टर होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या, आणि चकण्याला मुरमुऱ्यांऐवजी कसल्याशा पिवळ्या नळ्यांची पाकिटं. मसाला पापड सत्तर रुपये. तरीही वाळ्याच्या मानानं हे हॉटेल स्वस्तच म्हणायचं. तो गोड उग्र वास मात्र कुठंही गेला नव्हता. नाकात शिरला आणि मला एकदम तहान लागली, सव्वा रुपयाच्या सरबताची.

वेटर वयस्कर होता. त्यानं अण्णांना विचारलं, काय आणू. मी मनात ठरवून टाकलं होतं, अण्णांनी क्वार्टर मागितली तर नाही म्हणायचं नाही. डॉक्टरला काय सांगायचं ते नंतर बघू. अण्णांनी पाणी मागितलं, बिनबर्फाचं. मी शेवभाजी आणि भाकरी सांगितली, ठेचा सांगितला. वेटर गेला. अण्णा प्लायवूडच्या भिंतीकडे बघत बसले.

मी बोलत सुटले. घरात शांतता असली की मी ही अशीच बोलत सुटते. म्हटलं, तुम्हाला हेच आवडायचं ना, आणि मी याला नापास करायचे. म्हटलं, त्या सरांचं काय झालं असेल. म्हटलं, मी आईला किती सांगायचे या हॉटेलांबद्दल, तिला काय कळत असेल कुणास ठाऊक.

"सगळं कळत व्हतं," अण्णा म्हणाले.

मी खुर्ची पुढं ओढली.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं तिला. नर्स बाई ती, तिला काय वास कळत न्हाई? कधी बोलली न्हाई." ते टेबलावर बोटानं पाणी पसरवत होते. "एकदा म्हणली, मलाबी न्या तिथं."

"कुठं?"

"माशाच्या हॉटेलात. तू सांगायचीस ना, गार हवा हाय, पडदे हायेत. म्हणली, दिवसभर वार्डात उभं राहून पाय भरून येतात माझे. मी घटकाभर बसंन नुसती. तुमचं तुम्ही प्या."

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. एसीचा आवाज बंद पडून परत सुरू झाला.

"मंग?" मी म्हटलं. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून मंग निघालं.

"मी म्हणलं, चांगल्या घरच्या बाया बसत न्हाईत तसल्या जागी." अण्णा म्हणाले. "तरी ती एके दिवशी तयार होऊन बसली. ड्यूटीहून आली, तोंड धुतलं, ते निळं पातळ नेसली. तुझ्या मामानं घेतल्यालं. तू झोपली व्हतीस. म्हणली, चला, अजून उघडं असंल. मी चप्पल काढली आन् पलंगावर जाऊन पडलो. झोप लागल्यासारखं केलं."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला.

"ती उभीच व्हती. मंग तिनं दिवा घालवला. अंधारात पातळाची घडी घालत व्हती. इतका हळू घालत व्हती, मी जागा व्हईन म्हणून. मी तर जागाच व्हतो." त्यांनी पाण्याचं बोट शर्टाला पुसलं. "त्याच्यावर कधी बोलली न्हाई. एवढ्या वर्षांत बिलकुल न्हाई. मी दारू सोडली तवा वाटलं, आता फिटलं. काय फिटतंय? तिला घेऊन एक दिवस जाऊन बसलो असतो तर काय झालं असतं? कोण काय खाऊन टाकणार व्हतं मला?"

वेटर आला. त्यानं भाकऱ्या ठेवल्या, भाजीच्या वाट्या ठेवल्या, कांदा फोडलेला, लिंबू चिरलेलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. वाट्यांतून वाफ निघत होती आणि शेवभाजीवरचं तेल लाल दिसत होतं.

अण्णांनी भाकरी मोडली. मी बघतच राहिले. त्यांनी तुकडा भाजीत बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. मग दुसरा. मग ठेच्याला बोट लावलं. भाकरी मऊ हाय, असं काहीतरी म्हणाले. पोटात इतके दिवस अडकलेलं बाहेर काढून टाकल्यावर तिथं जागा झाली असावी. कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं, तरी ते खात होते. मला जे हवं होतं ते अगदी डोळ्यांसमोर घडत होतं.

"खा की माय," ते म्हणाले. "गार व्हईल."

मी भाकरी मोडून हातात धरली. त्या केबिनमध्ये चार खुर्च्या होत्या. आठ वर्षांची मी, पाय हलवत, सोड्याची नळी चावत, ज्या खुर्चीवर रोज बसायचे, ती खरं तर दिवसभर वार्डात उभ्या राहणाऱ्या एका बाईची होती. मला कुणी चांगल्या घरची म्हणून अडवलं नाही. मी बसले, आणि घरी जाऊन तिलाच सांगितलं की खूप गार लागतं. हे कळलं तेव्हा मला रडू यायला हवं होतं, म्हणजे सगळे रडतात तसं. आलं नाही. फक्त घशाच्या खाली काही जाईना. मी तो तुकडा चावत राहिले, चावत राहिले आणि शेवटी अण्णांचं लक्ष नसताना कागदी रुमालात काढून ठेवला.

अण्णांनी दीड भाकरी खाल्ली. वेटरला अजून भाजी आणायला सांगितली. बिल आलं तेव्हा ते पुढं ओढायला लागले, मी दिलं नाही. जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला कांद्याचा वास येत होता.

रविवारी मी नाशिकला परत आले. अण्णा आता जेवतात. काकूंचा डबा रिकामा परत जातो, कधी ते स्वतः भात टाकतात, आणि परवा तर रिक्षा करून एकटेच जिन्याच्या हॉटेलात जाऊन आले, शेवभाजी खाऊन. वजनही वाढायला लागलंय, डॉक्टर खूश आहेत. रोज रात्री नऊ वाजता ते फोन करतात आणि काय काय खाल्लं ते एकेक करून सांगतात, मीठ कमी होतं की जास्त तेसुद्धा. मी ऐकते, हसते, म्हणते, असंच जेवत जा. मग ते विचारतात, तुझं झालं का माय? माझं ताट समोर तसंच असतं. मी म्हणते, हो अण्णा, आत्ताच झालं.